ओळखी आहेत, कामं येत नाहीत

प्रश्न: मी धातुशास्त्राची इंजिनिअर, वय 41. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, 16 वर्षं क्वालिटीत काढली. मागच्या पावसाळ्यात नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार म्हणून काम सुरू केलं. आजवर दोनच कामं मिळाली, तीही जुन्या मालकांनी दिलेली. असोसिएशनच्या कार्यक्रमांना जाते, कार्ड देते. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिन्यातून एकदा 'फाउंड्री कन्सल्टन्सीसाठी संपर्क साधा' असा मेसेज टाकते. अंगठे येतात, फोन येत नाहीत. 'मॅडम, जरा येऊन बघून जावा' म्हणणारे भेटतात. जाऊन येते, चहा होतो, पुढे काही नाही. कार्यक्रमानंतर जेवण असतं, तिथे पुरुषांचे घोळके जमतात, मी नऊला घरी निघते. एकाने सांगितलं, अमुक नेटवर्किंग ग्रुपची वर्षाची फी भरा. दुसऱ्याने सुचवलं, रेझिन (वाळू बांधणारा चिकट पदार्थ) आणि वाळू पुरवणाऱ्यांकडून कमिशन घेत जा. खरं सांगते, ओळखीतून काम मागायचं म्हटलं की हात पसरल्यासारखं वाटतं. दिवाळीपर्यंत बघून परत नोकरी धरू का?
एक वाचक, कोल्हापूर

ताई, नमस्कार.

हात पसरल्यासारखं वाटतं, हे तुमचं वाक्य आधी घेतो, कारण बाकी सगळं तिथेच अडलंय. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात एखाद्या फाउंड्रीचं रिजेक्शन, म्हणजे सदोष म्हणून नाकारला जाणारा माल, वाढलं की त्या मालकाची अवस्था तुम्ही आतून पाहिलेली आहे. ग्राहकाचे मेल सुरू होतात, डेबिट नोटा येतात, साचे बनवणारा मोल्डिंगवाला कोअरवाल्याकडे (कोअर म्हणजे ओतीव भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) बोट दाखवतो, कोअरवाला वाळूकडे. नेमकं काय बिघडलंय हे कुणाची बाजू न घेता सांगणारं माणूस त्याला हवं असतं. म्हणजे गरज त्याचीही आहे. तो शोधतोय आणि तुम्ही त्याच गावात बसून आहात. तुमच्या दोघांच्या मध्ये बोलणारं कुणी नाही, एवढीच अडचण आहे. तो मधला माणूस कोण, आणि त्याने तुमचं नाव घ्यावं असं त्याला का वाटावं, याचा विचार करू.

त्याच्या जागी बसून बघा. तो एखाद्या मालकाला फोन करून म्हणतो, 'एक मॅडम आहेत, एकदा बोलून घे.' हे म्हणताना तो स्वतःची पत पुढे करत असतो. तुम्ही सांगितलेल्या वेळी पोहोचला नाहीत, नको तिथे नको ते बोललात किंवा मोठमोठे अंदाज सांगून हातात काही दिलं नाहीत, तर तुमचं एक काम जाईल. त्याचा पंधरा-वीस वर्षांचा संबंध बिघडेल. कोल्हापुरात तर तोंड चुकवायलाही जागा नाही. सकाळी रंकाळ्यावर तीच माणसं, संध्याकाळी असोसिएशनच्या हॉलमध्ये तीच, आणि रविवारी कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत पुन्हा तीच. त्यामुळे इथे माणसं चांगल्या माणसाचंही नाव चटकन पुढे करत नाहीत. तुमच्याविषयी मत वाईट आहे म्हणून फोन येत नाहीत, असं मनात आणू नका. तुमचं नाव घेतलं तर आपल्यावर काय शेकेल, याचा त्यांना अंदाज येत नाही. तो अंदाज त्यांना यावा आणि जोखीम कमी वाटावी, यासाठी करायचं ते सगळं म्हणजे तुमचं नेटवर्किंग. मागच्या दहा महिन्यांत तुम्ही कार्डं वाटलीत. कार्ड हातात आल्याने कुणाची जोखीम कमी होत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तुमचा मेसेज. 'फाउंड्री कन्सल्टन्सी' या शब्दांत भट्टीच्या लायनिंगपासून आयएसओच्या कागदांपर्यंत सगळं येतं, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर काहीच उभं राहत नाही. तुमच्या पत्राच्या मागच्या पानावर तुम्ही सहज लिहून गेलात की मशीनिंगला गेल्यावर उघडी पडणारी छिद्रं हा तुमच्या हातखंड्याचा विषय आहे, आणि जुन्या फाउंड्रीत तेच काम तुमच्याकडे यायचं. मग तेच सांगा ना! 'कास्टिंग वरून स्वच्छ दिसतं आणि मशीनवर चढलं की ब्लोहोल निघतात, असा माल ज्यांच्याकडे येतो त्यांच्यासाठी मी काम करते. वाळू, कोअर आणि मेटल यांपैकी गडबड कुठे आहे ते शोधून लिहून देते.' एवढं वाक्य एखाद्या सुपरवायझरला एकदा ऐकून पाठ होतं. महिन्याभराने कुणी चहाच्या टपरीवर छिद्रांची कटकट सांगायला लागला, तर त्याला तुमची आठवण येईल. बाकीची कामं तुम्हाला येत नाहीत असं यातून कुणी समजणार नाही. एकदा दारातून आत गेलात की लोक आपोआप पुढचं विचारतात.

आता माणसं. तुम्ही सगळा जोर फाउंड्रीच्या मालकांवर लावलाय. मालकापर्यंत थेट पोहोचणं अवघड असतं, आणि आपलं रिजेक्शन वाढलंय हे तो भर कार्यक्रमात तुम्हाला सांगणारही नाही. त्याचं दुखणं सगळ्यात आधी कुणाला कळतं? मशीनशॉपवाल्याला. समजा, उद्यमनगरातल्या एका छोट्या शॉपमध्ये ब्रॅकेटचा लॉट आलाय. वरून बघितलं तर माल एकदम साफ. रफ कट होतो, काही दिसत नाही. फिनिशला दुसरा कट घेतला की बोअरच्या आतल्या बाजूला बाजरीच्या दाण्याएवढं छिद्र उघडं पडतं. ऑपरेटर मशीन थांबवतो, पीस खाली काढतो, लाल मार्कर मारतो आणि बाजूच्या ट्रेमध्ये ठेवतो. संध्याकाळपर्यंत ट्रे भरतो. कास्टिंगचे पैसे फाउंड्री सोडेलही, पण त्याच्यावर गेलेला मशीनचा वेळ, वीज आणि घासलेला इन्सर्ट (कातायच्या हत्याराचं पातं) यांचे पैसे कोण देणार, यावर भांडण सुरू होतं. कधी छिद्राऐवजी कडक डाग लागतो आणि इन्सर्टच तुटतो. या मशीनशॉपवाल्याला तुमच्यासारख्या माणसाची जेवढी गरज आहे तेवढी मालकालाही नसेल, कारण चूक त्याची नसताना नुकसान त्याचं होतं. त्याला भेटा. त्याचा लाल मार्करचा ट्रे बघायला मागा. एक पीस कापून आतल्या छिद्राचा आकार आणि भिंत त्याला दाखवा, हे बहुधा कोअरच्या वायूचं आहे की वाळूच्या ओलाव्याचं ते त्याला समजेल अशा भाषेत सांगा. तो स्वतः होऊन फाउंड्रीला फोन लावेल, आणि त्या फोनचं वजन तुमच्या शंभर कार्डांना येणार नाही.

पॅटर्नवाले, म्हणजे साच्यासाठी नमुना बनवणारे, तसेच. रायझर (जादा धातू साठवायची जागा) हलवायचा, गेट (धातू साच्यात शिरायची वाट) बदलायचा म्हटलं की त्यांच्याकडे धाव घेतली जाते. कुठे काय चाललंय हे त्यांना आधी कळतं. स्पेक्ट्रो (धातूत काय किती आहे ते तपासणं) आणि सॅन्ड टेस्टिंगच्या लॅब, भट्टीच्या लायनिंगचं काम करणारे, कास्टिंगची ने-आण करणारे टेम्पोवालेसुद्धा. ऑइल इंजिनच्या दिवसांपासून कोल्हापूरचा हा धंदा असाच वाटून उभा राहिला आहे: एकाने ओतायचं, दुसऱ्याने कातायचं, तिसऱ्याने जोडायचं. त्यामुळे इथे एका फाउंड्रीची बातमी चार वेगवेगळ्या शेडमधून फिरत असते. त्या चारही शेडमध्ये तुमचं नाव माहीत असायला हवं.

पण इथेच तुमची सगळ्यात मोठी परीक्षा आहे, त्यावर थोडं थांबतो. बातम्या फिरतात त्या वाटेवर तुम्ही उभ्या राहणार, तेव्हा तुमच्या तोंडून एकही बातमी फिरता कामा नये. एका फाउंड्रीत बसून दुसरीचं रिजेक्शन किती, तिचा ग्राहक कोण, तिने कोणता रेझिन किती भावाने घेतला, हे चुकूनही नाही. समोरचा मालक मुद्दाम विचारेल, हसत हसत विचारेल, 'त्यांच्याकडं पण हाच घोळ हाय न्हवं?' त्याला उत्तर हवं असतं म्हणून तो विचारतो असं प्रत्येक वेळी नसतं. उद्या आपलं कुणापुढे बोलतील का, हे तो चाचपून बघत असतो. 'साहेब, तुमचंही मी तिथे सांगणार नाही,' एवढं बोलून चहा घ्या. लिंक्डइनवर फोटो टाकतानाही तेच पथ्य. कास्टिंगवर पार्ट नंबर आणि फाउंड्रीची खूण उठलेली असते. जाणकाराला एका नजरेत कळतं की माल कुणाचा. फोटो घ्यायचाच तर कापलेल्या तुकड्याचा घ्या, आणि तोही विचारून. लॅबवाल्यांकडे आणि टेम्पोवाल्यांकडेही चौकशा करत फिरू नका. तुम्ही काय करता एवढं त्यांना माहीत असू द्या, गरजवंताला तेच वाट दाखवतील.

कमिशनचं सुचवणाऱ्याला माझ्यातर्फे ठाम नकार द्या. रेझिनवाल्याकडून तुम्ही टक्का घेतलात त्या दिवशी तुमचं मत विकलं गेलं. मग 'कोअरचा रेझिन बदला' हा तुमचा सल्ला खरा असला तरी त्याला वास येणार. ही गोष्ट लपत नाही. पुरवठादाराचा विक्री प्रतिनिधीच कुठेतरी बोलून जातो. तुमची एकमेव पुंजी म्हणजे तुम्ही कुणाच्या बांधील नाही आहात. उलट पहिल्याच भेटीत मालकाला स्पष्ट सांगा की मी कुठल्याही पुरवठादाराकडून काही घेत नाही. तुमचं नाव सुचवणाऱ्यालाही पैसे देऊ करू नका. चांगल्या माणसाला ते आवडत नाही, आणि ज्याला आवडतं तो उद्या तुमच्यापेक्षा जास्त देणाऱ्याचं नाव घेईल.

जुन्या मालकांनी दोन कामं दिली याचं तुम्हाला वाईट वाटतंय, ते मला पटत नाही. ज्यांनी तुमचं काम 16 वर्षं जवळून बघितलं त्यांनी तुम्हाला बाहेर पडल्यावर पैसे देऊन बोलावलं, यापेक्षा मोठा दाखला कुठला? त्यांना एकदा रीतसर जाऊन भेटा. तुमच्या ग्राहकांची माहिती मी कुठे वापरणार नाही हे तोंडावर सांगा, आणि 'कुणी विचारलं तर तुमचं नाव देऊ का?' असं सरळ विचारा. बहुतेक ते हो म्हणतील. मग कुणी मालक कां-कूं करायला लागला की त्याला म्हणता येईल, 'त्यांना फोन करून विचारून घ्या.'

आणि जुने सहकारी? 16 वर्षांत तुमच्या हाताखालून, शेजारून किती माणसं गेली असतील. कुणी बेळगावला, कुणी पुण्याला वाहन कंपनीच्या खरेदी विभागात, कुणी कोईमतूर-राजकोटच्या फाउंड्रीत. त्यांच्याशी बोलणं नाही म्हणून ती ओळख संपली असं तुम्ही धरून चालला आहात. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांना विचारलं होतं की ज्याच्याकडून नोकरीची खबर मिळाली त्याला तुम्ही कितीदा भेटत होता. त्यांचा निबंध 1973 साली आला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी वारंवार भेटणाऱ्याकडून खबर मिळालेले 16.7 टक्के निघाले, अधूनमधून भेटणाऱ्याकडून 55.6 टक्के आणि क्वचित भेटणाऱ्याकडून 27.8 टक्के. कारण साधं आहे. रोजच्या माणसांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. लांबचा माणूस दुसऱ्या वर्तुळातलं ऐकत असतो. पुढे 2022 साली लिंक्डइनच्या 2 कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला, त्यातही फार घट्ट नाही आणि अगदी पुसटही नाही अशा मधल्या ओळखी सर्वांत उपयोगी दिसल्या. हे अभ्यास नोकरीचे आहेत, तुमचा धंदा सल्ल्याचा. पण खबर फिरते ती अशीच.

दहा वर्षांनी फोन कसा करायचा, हा संकोच मी समजू शकतो. फोन करण्याआधी असा एखादा निरोप पाठवा: 'नमस्कार सर, आपण शिरोलीत एकत्र होतो, पंप बॉडीच्या गळतीचं काम आपण मिळून केलं होतं. मी आता स्वतंत्रपणे कास्टिंगच्या दोषांवर काम करते. तुम्ही हल्ली काय बघता हे ऐकायला आवडेल, कधी दहा मिनिटं बोलू या का?' यात काम मागितलेलं नाही, आणि तुमचा हेतूही लपवलेला नाही. बोलताना खरंच त्यांचं ऐका. पुण्यातला खरेदीवाला तुम्हाला सांगेल की कोल्हापूरच्या मालात त्याला सध्या काय खुपतंय. ती माहिती इथल्या कुठल्याच कार्यक्रमात मिळणार नाही. आठवड्याला असे दोन फोन झाले तरी भरपूर.

आता येणाऱ्या पावसाळ्याचा उपयोग करा. पहिला पाऊस लागला की इथल्या फाउंड्रीत काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. कोअर हवेतला ओलावा धरतात, उघड्यावरचं स्क्रॅप भिजतं, वाळूचं ओलाव्याचं गणित चुकतं आणि छिद्रं वाढतात. ओलं स्क्रॅप वितळलेल्या धातूत पडलं तर भट्टीतला धातू उसळून माणूस भाजण्याचा धोका वेगळाच. मे महिन्यात एक पान तयार करा: स्क्रॅप कुठे ठेवायचं आणि चार्ज करण्याआधी कोरडं कसं करायचं, कोअर किती दिवसांत वापरून टाकायचे, वाळूची तपासणी दिवसातून किती वेळा आणि कुठल्या वेळी. मराठीत लिहा, आणि मोल्डिंगवर परप्रांतातले कामगार असतात म्हणून मागच्या बाजूला हिंदीत. अक्षर मोठं ठेवा, भिंतीवर चिकटवता यावं असं. खाली बारीक अक्षरात तुमचं नाव आणि नंबर, बस्स. पॅटर्नवाले, मशीनशॉपवाले, जुने सहकारी, असोसिएशनचं ऑफिस, सगळ्यांना द्या, आणि मालकांपेक्षा सुपरवायझरच्या हातात द्या. महिन्याच्या महिन्याला टाकलेल्या त्या जाहिरातीच्या मेसेजऐवजी वर्षातून असे दोन-तीन कागद निघाले तर लोक तुमचा मेसेज उघडून वाचतील. जून-जुलैत छिद्रं निघाली की भिंतीवरचा नंबर समोरच असेल.

असोसिएशनचं म्हणाल तर कोल्हापूर याबाबत श्रीमंत आहे. शिरोलीत स्मॅक, गोकुळ शिरगावला गोशिमा, कागल-हातकणंगलेला मॅक, उद्यमनगरात कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन. शिवाय 1950 पासून चालत आलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमन या देशपातळीवरच्या संस्थेचा कोल्हापूर विभाग. सगळीकडे हजेरी लावत फिरू नका. एक धरा, माझ्या मते फाउंड्रीमनांचीच, आणि तिथे खुर्चीत बसण्याऐवजी काम अंगावर घ्या. सुपरवायझरांसाठी एखादं प्रशिक्षण लावायचंय, वक्ते गोळा करायचेत, कारखाना-भेट ठरवायचीय, असली कामं करायला माणसं मिळत नाहीत. समितीत तुम्ही वेळ कशी पाळता, शब्द कसा पाळता, पैशाचा हिशेब कसा ठेवता हे लोकांना दिसतं. मघाशी म्हटलं ना, त्यांना जोखमीचा अंदाज हवा असतो. तो इथे येतो.

रात्रीच्या जेवणाला थांबत नाही म्हणून काही बुडतंय असं मला वाटत नाही. कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी जा. चहाच्या वेळी माणसं सुटी सुटी असतात, घोळका नंतर होतो. दोन जणांशी नीट बोललात की झालं. 'उद्या परवा सकाळी अकराला शेडवर येऊ का?' असं तिथेच ठरवा. तुमचं खरं काम शेडवर आहे, दिवसाउजेडी आहे. आणि तिथे बाई म्हणून तुम्हाला कमी लेखणारे भेटतील तसे मोकळेपणाने बोलणारे मोल्डर आणि भट्टीवालेही भेटतील. 16 वर्षांत तुम्ही त्यांच्याशी कसं बोलायचं ते शिकून बसला आहात. कारखान्यांत आता पुढची पिढी बसते आहे, त्यांत मुली आहेत, सुना आहेत, हिशेब आणि खरेदी त्या बघतात. त्यांच्याशी ओळख काढा. त्यांनाही त्या घोळक्यात जागा सापडत नसते.

फी भरून घ्यायच्या ग्रुपचं थोडक्यात सांगतो. अशा ग्रुपात एका धंद्याचा एकच सभासद घेतात, ही कल्पना जुनी आहे. 1905 साली शिकागोत रोटरी सुरू झाली तेव्हाही ती होती, आणि 1985 पासून बीएनआयसारख्या संस्थांनी दर आठवड्याच्या बैठका आणि एकमेकांना कामं सुचवणं त्यावर उभं केलं. विमा, इंटिरिअर, छपाई, सीए अशा, ज्यांचं गिऱ्हाईक कुणीही असू शकतं, त्यांना याचा चांगला उपयोग होतो. तुमचं गिऱ्हाईक मोजकं आहे. आधी पाहुणी म्हणून एका बैठकीला जाऊन या. हॉलमध्ये कास्टिंगशी ज्यांचा रोजचा संबंध आहे अशी माणसं किती, ते बघा. दोन-चारच असतील तर ती फी वाचवा आणि त्या पैशांत दरवर्षी भरणाऱ्या इंडियन फाउंड्री काँग्रेस या फाउंड्रीवाल्यांच्या परिषदेला जाऊन या.

'जरा येऊन बघून जावा' याला नाही म्हणू नका, पण त्याला आकार द्या. फोनवर पंधरा-वीस मिनिटं मोकळेपणाने बोला, त्याचे पैसे नकोत. शेडमध्ये पाऊल टाकायचं तर पाहणीची ठरावीक फी, ती आधी सांगायची, आणि पुढे काम मिळालं तर त्यात वळती करून द्यायची. त्या फीच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी एक पानाचा लेखी अहवाल हातात पडला पाहिजे: काय पाहिलं, कशाचा संशय आहे, पुढे काय तपासावं. चहावर भागवणारे यात गळतील, गळू द्या. ज्याने तुमचं नाव सुचवलं असेल त्याला त्याच संध्याकाळी निरोप द्या: 'भेट झाली, तुमच्यामुळे वेळ मिळाला, आभारी आहे.' आतलं काहीच सांगायचं नाही. काम मिळालं तरी कळवा, नाही मिळालं तरी कळवा. नाव सुचवून माणूस विसरत नाही. पुढे काय झालं ही रुखरुख त्याला असते, आणि ती न मिटवणाऱ्याचं नाव तो दुसऱ्यांदा घेत नाही. तुमच्या आवाक्याबाहेरचं काम आलं, समजा हीट ट्रीटमेंटचं, तर जाणत्या माणसाचं नाव तुम्ही द्या. तेव्हा तुमचीही पत पुढे होईल, आणि समोरच्याला नाव देताना काय वाटत असतं ते नीट कळेल.

ओळखीतून आलेल्या कामाचे पैसे मागायला जड जातं, म्हणून सगळं आधीच लिहून घ्या: काम काय, किती दिवस, पैसे कधी. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) केली नसेल तर करून टाका, ती फुकट होते. 2006 च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याने नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. सेवाही त्यात येते. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की अकाउंट्सचा माणूस आपोआप दखल घेतो, तुम्हाला कायद्याचं नाव काढावं लागत नाही.

राहिली दिवाळी. किती कामं झाली यावरून ठरवू नका. पहिल्या वर्षात त्या आकड्यातून काही कळत नाही. आज संध्याकाळी एक वही घ्या आणि आलेला प्रत्येक चौकशीचा फोन लिहा: कोणी केला, आणि कुणाचं नाव सांगून केला. तुमच्या ओळखीत नसलेला माणूस 'अमुक यांनी तुमचा नंबर दिला' म्हणून फोन करतो, अशा नोंदी दिवाळीपर्यंत चार-पाच दिसल्या तर काम मिळालेलं नसलं तरी थांबा, टिकून राहा. एकही दिसली नाही तर पूर्ण नोकरीऐवजी आधी जुन्या मालकांशी आठवड्यातल्या दोन दिवसांचं वर्षभराचं बोलणं करून बघा. घरखर्चाचा ताण हलका होईल, बाकीचे दिवस मोकळे राहतील. बोलणीला जाताना ते दोन दिवस कोणते हे तुम्ही ठरवून जा, आणि उरलेल्या दिवशी मी दुसरीकडे काम करणार हे कागदावर येऊ द्या.